खालच्यांचा माणूस

प्रल्हादभाऊ कुणाकडचाच चहा पूर्ण पीत नाहीत. तळाशी दोन घोट ठेवतात आणि कप हाताने जरासा पुढे सरकवतात. समोर आणखी कोणी पाहुणा बसला असावा आणि आता त्याची पाळी असावी, असा त्यांचा चेहरा असतो.

त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच, त्यामुळे त्यांचा चहा बहुतेक आमच्याकडेच होतो. सुरुवातीला माझ्या बायकोला वाटलं, आपलाच चहा बिघडतो आहे. तिने साखर वाढवली. मग आलं वाढवलं. मग एकदा म्हशीचं निव्वळ दूध घालून केला. दोन घोट राहिलेच. शेवटी तिने विचारलं, "भाऊजी, चहात काय कमी पडून राह्यलं ते तरी सांगा."

"कमी कायले पडन वहिनी? फस्क्लास हाय. ते खालच्यांचं हाय."

"खालचे कोन?"

"आपल्या खाली जे असन ते."

बायकोने दुसऱ्या दिवसापासून त्यांना लहान कप द्यायला सुरुवात केली. भाऊंनी त्यातही दोन घोट ठेवले.

चहाची ही खोड अलीकडची. पंगतीतली मात्र जुनी. रिठदला एका लग्नात आम्ही शेजारी शेजारी जेवायला बसलो होतो. पहिला घास तोंडात जायच्या आत प्रल्हादभाऊ उठून उभे. टाचा उंच करून मांडवाच्या टोकाकडे पाहतात आणि ओरडून विचारतात, "वरन पोचलं का शेवटच्या ओळीत?"

वाढपी म्हणाला, "पोचून राह्यलं, काका."

"पोचून राह्यलं नाई. पोचलं का?"

नवरीच्या बापाला वाटलं, मुलाकडचा कोणी मानकरी रुसला. तो बिचारा हात जोडून धावत आला. मुलाकडच्यांना वाटलं, हा केटररचा मुकादम. त्यांनी यांच्याकडेच जिलबी मागितली. प्रल्हादभाऊंनी परात उचलली आणि जिलबी वाढलीही, पण शेवटच्या ओळीपासून. नवरदेवाच्या मामापर्यंत ती पोचेस्तोवर परातीत नुसता पाक उरला होता. त्या घरात आजही आमचं नाव काढत नाहीत.

याच खोडीने त्यांना नदीच्या कामात अडकवलं.

आमचं गाव पैनगंगेच्या काठावर आहे. इथे नदी लहान आहे, उन्हाळ्यात तर एखाद्या नाल्यासारखी. पण हीच नदी पुढे वाशीम, पुसद, उमरखेड करत जाते आणि दोन राज्यांची शीव होते. अलीकडचा काठ आपला, पलीकडचा तेलंगणाचा. तिथे नदीत मोठे डोह आहेत. त्या डोहांत मासे, कासवं आणि पाणमांजरं राहतात, मधल्या वाळूच्या बेटांवर पक्षी अंडी घालतात. वरची गावं पाणी अडवतात, उन्हाळ्यात डोह आटतात आणि हा सगळा संसार उघड्यावर येतो. म्हणून दोन्ही राज्यांनी मिळून एक कार्यक्रम काढला. वरच्या प्रत्येक बॅरेजने, म्हणजे गेट असलेल्या बंधाऱ्याने, उन्हाळाभर गेट थोडं उचलून ठेवायचं आणि ठरलेली धार खाली जाऊ द्यायची. बाकीचं पाणी शेतकऱ्यांनी पाळीपाळीने उपसायचं. आमच्या बॅरेजच्या पाण्याची वाटणी पाणी वापर संस्था करते. मी त्या संस्थेचा सचिव. म्हणजे सह्या माझ्या आणि शिव्याही मलाच.

कार्यक्रम समजावून सांगायला एक साहेब आले होते. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सभा भरली. शेवटी साहेबांनी विचारलं, "तुमच्या गावाकडून नदी समन्वयक कोण होणार?" सगळा हॉल एकदम जमिनीकडे पाहायला लागला. नेमके त्याच वेळी प्रल्हादभाऊ उठून उभे राहिले. त्यांना फक्त मागच्या लोकांपर्यंत चहा पोचला का, ते पाहायचं होतं.

"शाब्बास!" साहेब म्हणाले. "टाळ्या!"

अशी त्यांची नेमणूक झाली. काम एवढंच की गेट उघडं राहतं का ते पाहायचं, आणि खालच्या डोहावरच्या समन्वयकाला फोन करून पाणी पोचलं का ते विचारायचं. मानधन नाही. एक टोपी मिळाली होती, ती त्यांच्या डोक्याला मोठी होते.

गावाने या कार्यक्रमाचं नाव 'मांजराची योजना' ठेवलं. पाणमांजर आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे गावातल्या अर्ध्या लोकांची खरोखरच समजूत होती की तेलंगणातल्या मांजरांना पाणी पाजायला आपलं बॅरेज सोडतात. प्रल्हादभाऊंनी पुष्कळ समजावलं. "मांजर म्हंजे मांजर नाई बाप्पा. मुंगसावानी असते. पान्यात पोहते. मासे खाते." यावर कोणी तरी विचारी, "मंग मासे खाते तर पानी कायले पाजता?" आणि भाऊ पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागत.

एके सकाळी त्यांच्या दारात एक गोणी सापडली. आत मांजर आणि तिची पिल्लं होती. गोणीवर खडूने लिहिलेलं, 'योजनेचे लाभार्थी'. भाऊंनी गोणी सोडली, घरातलं सगळं दूध बशीत ओतलं आणि स्वतः कोरा चहा पिऊ लागले. पिल्लं मोठी होऊन गावभर पांगली. मांजर राहिली. ती त्यांच्या मांडीवर बसून असे आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर गुरगुरे.

मांजर आली तेव्हा घरात तसंही कोणी नव्हतं. भाऊंची बायको, मालतीवहिनी, आधीच वारल्या होत्या. मुलगी कामरगावला दिलेली. ती सणावाराला फोन करते आणि "जेवले का?" विचारते. भाऊ "जेवलो" म्हणतात आणि फोन संपतो. भिंतीपलीकडून मला त्यांचं सगळं ऐकू येतं. संध्याकाळी एक ताट धुतल्याचा आवाज येतो आणि मग काहीच नाही.

फक्त एक गोष्ट रोज असायची. दिवस मावळला की ते अंगणातल्या ओट्यावर चढत, पूर्वेकडे, म्हणजे नदी वाहते तिकडे, तोंड करत, एका कानात बोट घालत आणि फोनवर ओरडत.

"हालू! राजाभाऊ! हमारे इकडे गेट खुल्ला हाय! तुमारे उधर पानी पोचा क्या?"

हे राजाभाऊ म्हणजे राजय्या. तेलंगणाच्या काठावरचा समन्वयक, हयात मासेमारीत गेलेला. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. भाऊ फोन स्पीकरवर ठेवत, त्यामुळे राजय्याचं बोलणं अख्ख्या आळीला पाठ होतं.

"आया अन्ना, आया! घुटने तक आया!"

"और मांजर?"

"मांजर भी आया. पत्थर पे बैठके मछली खाया. हमको देखा, फिर भी खाया."

"डरा नही?"

"हमको क्या डरता अन्ना, हम बुड्ढा आदमी!"

मग दोघं खूप वेळ हसत. पाण्यावरून गोष्ट गुडघेदुखीवर जाई, तिथून ज्वारीच्या भाकरीवर. भाऊंना हिंदी जमत नसे. 'भुईमूग वाळला'चं ते 'जमीन का मूग सूक्या' करत. पण राजय्याला सगळं कळायचं.

पुढे डोहाच्या काठावर एक यंत्र बसलं. पाण्याची उंची मोजतं आणि थेट मोबाइलवर पाठवतं. मी भाऊंना दाखवलं. "आता फोन करायची गरज नाही, भाऊ. हे पाहा, सगळं इथे दिसतं."

त्यांनी चष्मा लावून स्क्रीनकडे पाहिलं. "शेकेटरी, याच्यात मांजर दिसते काय?"

"नाही."

"मंग." आणि ते ओट्यावर चढले.

हट्टी माणूस आहे, एवढंच तेव्हा मला वाटलं.

यंदाचा उन्हाळा वाईट निघाला. एप्रिलमध्येच बॅरेज तळाला लागलं. उन्हाळी भुईमूग दाण्यावर आलेला, संत्र्याच्या बागा माना टाकून उभ्या. संस्थेची सभा भरली ती भांडायलाच. अध्यक्ष म्हणाले, "गेट पूर्न बंद करा. आधी मानसं, मंग मांजरं." हॉलमध्ये टाळ्या पडल्या. त्यात माझ्या ओळीतलेही हात होते आणि मला त्यांचं चुकलं असं म्हणवेना. ज्याचा भुईमूग डोळ्यांसमोर करपतो, त्याला पन्नास-साठ कोसांवरचा डोह कसा दिसणार?

प्रल्हादभाऊ उठले. "खालच्यांचं काय?"

हॉल हसला. कोणी तरी मागून "म्याव" केलं.

"हसा," भाऊ म्हणाले. "पन आपल्याही वर गावं हायेत ना? त्यायनं असंच म्हटलं तर आपन काय पिनार?"

"त्यायनं म्हटलंच हाय!" एक जण ओरडला. "मनून तर आपल्यापाशी पानी नाई!"

भाऊ उभेच राहिले. टोपी काढून हातात घेतली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "ठीक हाय. तुमचं तुमी घ्या. माही उपशाची पाळी येईन तवा मी मोटर लावत नाई. तेवढा टाइम गेट उघडा. माह्या वाट्याचं खाली जाऊ द्या."

"अन् तुमचा भुईमूग?"

"तो माहा हाय ना? मंग."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. नियमात आडवं येईल असं मला काही सापडलं नाही. त्यांच्या पाळीच्या दिवशी मी स्वतः बॅरेजवर गेलो. गेटचं चाक भाऊंनीच फिरवलं. धार सुटली. बारीकच होती, पण खडकावरून उड्या मारत गेली. ते काठाकाठाने तिच्यासोबत बरंच चालत गेले, पाहुण्याला गावाबाहेरच्या पांदीपर्यंत सोडायला जावं तसे. इकडे त्यांच्या भुईमुगाची पानं पिवळी पडली. लोक बांधावरून जाताना थांबून पाहत. हसत कोणी नव्हतं, मात्र डोक्यापाशी बोट फिरवत होते.

आमच्यासारखंच वरच्या आणखी काही गावांत थोडं थोडं पाणी सुटलं असावं. काही दिवसांनी माझ्या मोबाइलवर डोहाची उंची वाढलेली दिसली. मी धावतच त्यांच्याकडे गेलो. "भाऊ, पोचलं! हे पाहा, पाणी पोचलं!"

ते अंगणात बसले होते. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. "पानी पोचलं. पन राजाभाऊ कुठी हाय?"

राजय्याचा फोन बंद होता. रोज संध्याकाळी भाऊ लावत, एक बाई तेलुगूत काही तरी सांगे आणि भाऊ तिलाच विचारत, "कब चालू होयेंगा?" मग तसेच ओट्यावर बसून राहत. चहाला येईनासे झाले. बायको म्हणाली, "तुमी त्यायले एकदा घेऊन जा तिकडे. मले भिंतीपलीकडची ही शांतता आयकवत नाई."

आम्ही पहाटेच्या एसटीने निघालो. वाशीम, पुसद, उमरखेड, तिथून एक जीप, मग आणखी एक जीप. वाटभर भाऊ हिंदीची तयारी करत होते. "शेकेटरी, 'तब्येत कशी हाय'ले काय मनतात? 'घरी सगळे बरे हायेत ना' कसं मनू?" सोबत शेंगांची पिशवी होती. करपलेल्या भुईमुगातून निवडून निवडून काढलेल्या शेंगा.

नदीवरचा पूल ओलांडून आम्ही दुपारी गावात पोचलो. राजय्याचं घर लोकांनी लगेच दाखवलं. दाराला कुलूप होतं आणि ते गंजलेलं होतं. शेजारच्या अंगणात एक बाई सांडगे वाळत घालत होती. भाऊ सरसावले. "बहेनजी, वो राजय्या किदर गया?"

"ते पोरीकडे गेले निजामाबादला," बाई म्हणाली. "केव्हाचेच गेले. बायको वारली, मग इथं कोण करणार त्यांचं?"

भाऊ बघतच राहिले. "तुमाले मराठी येते?"

"न यायला काय झालं? आमचे अर्धे सोयरे नदीपलीकडचे. राजय्याची आई तर उमरखेडचीच. घरात मराठीच बोलायचे ते."

म्हणजे इतका काळ मराठी बोलणारी ही दोन माणसं एकमेकांशी मोडक्या हिंदीत ओरडत होती! समोरच्याला आपली भाषा कळणार नाही म्हणून दोघंही एकमेकांना सांभाळून घेत होते. भाऊंना हसू आलं, पण माझं लक्ष दुसऱ्याच शब्दावर अडकलं होतं.

"केव्हाचे गेले म्हणजे?"

"यंत्र बसलं ना डोहावर, त्याच्या थोडं आधी. मग त्यांच्या जागी कुणाला घेतलंच नाही."

माझं डोकं तापलं. भाऊंना बाजूला घेऊन मी म्हणालो, "तो माणूस नदीवर नव्हताच! निजामाबादला बसून तुम्हाला घुटने तक पाणी सांगत होता. ते मांजर, तो दगड, सगळं मनानं रचलेलं. आणि तुम्ही त्याच्या शब्दावर भुईमूग वाळवला!"

"भुईमूग पान्यासाठी वाळवला. त्याच्या शब्दासाठी नाई." भाऊ शांतपणे म्हणाले. "अन् तो इथी नाई, हे मले मालूम होतं."

"कसं काय?" मी विचारलं.

"सुरवातीले तो बोले तवा मांगून टिटवीचा आवाज ये. मंग एक दिवस आटोचा हॉर्न आला. मंग लिफ्टमधली बाई बोलली, 'दरवाजा बंद करा' असं काही तरी. डोहावर लिफ्ट असते काय शेकेटरी?"

"मग तुम्ही विचारत कशाला राहिलात?"

ते त्या बंद दाराच्या पायरीवर बसले. पिशवी मांडीवर घेतली. "तथी शहरात त्याले कोन इचारत असन, नदीले पानी आलं का मनून? अख्खी जिंदगी पान्यात गेली त्याची. मी इचारलं की त्याले सांगावं लागे. सांगता सांगता तो येऊन जाये इथी. मले समजे ना आवाजातून." मग मांडीवरची पिशवी सारखी करत, "अन् इकडे मले तरी कोन इचारते?"

सांडग्याच्या बाईकडे राजय्याच्या मुलीचा नंबर होता. मी लावून दिला. मुलगी मराठीतच बोलली. बाबांना झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. ऐकतात, कळतं सगळं. त्यांचा फोन पडून फुटला होता आणि आमचा नंबर तिला माहीत नव्हता. "अन्ना म्हणजे तुम्हीच का?" तिने विचारलं. "संध्याकाळ झाली की बाबा डाव्या हाताने फोन दाखवतात. आम्हाला कळतच नव्हतं."

"थांबा जरा," भाऊ म्हणाले. "मी खाली जातो, मंग त्यायच्या कानाले लावा."

ते उतार उतरून डोहाच्या काठापर्यंत गेले. मी मागे. पाणी फार नव्हतं, पण होतं. कडेचा चिखल ओला होता. भाऊंनी सवयीने सुरुवात केली, "हालू राजाभाऊ, हम पल्लाद बोलता..." आणि थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "राजाभाऊ, मी पल्लाद. मी तुह्या डोहावर उभा हाय."

त्यांनी डोहावरून नजर फिरवली.

"पानी हाय. घुटन्यापेक्षा कमीच हाय, खोटं कायले सांगू. पन हाय. एक बगळा हाय. पल्याड दोन बाया कपडे धुऊन राह्यल्या. वाळूत कोन्या पक्ष्याच्या पायाचे ठसे हायेत, मले वळखू येत नाई, तुले आलं असतं. तो दगड कोनता रे, मोठा काया का चपटा? चपटा असन. त्याच्यावर आता कोनी नाई. मांजर दिसलं नाई मले. ऊन लई हाय, सावलीत बसलं असन."

फोनमधून एक आवाज आला, घशातला, अर्धवट. मग मुलगी म्हणाली, "काका, हसतायत की रडतायत ते मला कळत नाही. पण फोन सोडत नाहीत."

"असू द्या," भाऊ म्हणाले. "मले काई घाई नाई." आणि उन्हात उभे राहून त्यांनी पुढचा काठ सांगायला घेतला.

शेंगांची पिशवी आम्ही सांडग्याच्या बाईकडे ठेवली. तिचा भाऊ निजामाबादला जाऊन येऊन असतो. परतीच्या जीपमध्ये भाऊ माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले. वजन फारसं नव्हतंच.

आता ते ओट्यावर चढत नाहीत. दिवस मावळायला आला की चालत बॅरेजवर जातात, गेटजवळच्या कठड्यावर बसतात आणि त्याच्या मुलीच्या फोनवर राजय्याला आमची नदी सांगतात. आज किती पाणी आहे, कोण उपसतं आहे, कुणाची म्हैस आत बसली आहे. पलीकडून बोलणं येत नाही. रस्त्याने जाणारे म्हणतात, मांजरवाला आता एकटाच बोलायला लागला.

परवा शेतातून परतताना मी मोटरसायकल थांबवली आणि कठड्यापाशी गेलो. त्यांनी मला पाहिलं आणि फोन सरळ माझ्या हातात दिला. "बोला दोन शब्द. त्यानं माहाच आवाज किती आयकावा?"

"मी काय बोलू?"

"दिसते ते."

मी फोन कानाला लावला. पलीकडे कोणी तरी हळूहळू श्वास घेत होतं. "राजाभाऊ, मी यांचा शेजारी," मी म्हटलं आणि पुढे काही सुचेना. मी पाण्याकडे पाहिलं, गेटकडे पाहिलं. रोज येतो त्या जागेत सांगण्यासारखं काय आहे ते मला दिसत नव्हतं.

प्रल्हादभाऊ सरकले आणि त्यांनी माझ्यासाठी कठड्यावर जागा केली.

"पाहा सावकाश," ते म्हणाले. "तो फोन ठेवत नाई."